समुद्रावरचा एक दिवस : सांतोरिनीची नौका आणि मालवणची होडी

एका पिढीपूर्वी व्यापारी कुटुंबाची सहल म्हणजे तीर्थयात्राच असे. दिवाळीचे लक्ष्मीपूजन, वहीपूजन आटोपले, की शिखरजी, पालिताणा, आबू किंवा जवळचे मांगीतुंगी. धर्मशाळेत मुक्काम, भोजनशाळेत जेवण आणि परतताना नातेवाइकांकडे एखादी रात्र. आता त्याच कुटुंबातील मुले-सुना उन्हाळ्याच्या सुटीत परदेशी जातात. नाशिकच्या सराफ बाजारातील किंवा मेन रोडवरील एखाद्या पेढीवर बसले, तर चहाबरोबर मोबाइलवरची छायाचित्रे हमखास पुढे येतात : पांढऱ्याशुभ्र घरांची उतरंड, गडद निळे पाणी आणि त्या पाण्यावर तरंगणाऱ्या नौकेच्या जाळीवर ओळीने बसलेले सारे कुटुंब. बेट ग्रीसचे, बहुधा सांतोरिनी.

या सहलीचे स्वरूप सांगण्यासारखे आहे. एक नौका, तिचा कप्तान व एखादा मदतनीस दिवसभरासाठी फक्त आपल्या कुटुंबाकरिता ठरवायचा. सकाळी धक्क्यावरून निघायचे, शिडाच्या वा इंजिनाच्या जोरावर बेटाच्या कडेकडेने जायचे, दोन-तीन शांत आखातांत नांगर टाकायचा, ज्यांना इच्छा असेल त्यांनी पाण्यात उतरायचे, नौकेवरच जेवायचे आणि सूर्यास्ताच्या सुमारास परतायचे. गर्दी नाही, अनोळखी माणसांच्या नजरा नाहीत, दुसऱ्याच्या वेळापत्रकाची सक्ती नाही. आपल्या घरांतील स्त्रियांना या प्रकाराचे आकर्षण वाटते ते मुख्यतः या एकांतामुळे, असे आमचे निरीक्षण आहे. हॉटेलच्या तरणतलावात जी सून पाय बुडवून बसते, ती अशा नौकेवरून मात्र मोकळेपणाने पाण्यात उतरते.

हा प्रकार आता आपल्या घरांत आलाच आहे, तेव्हा तो नीट समजून घ्यावा. आणि समजून घेताना आपल्या दारातल्या समुद्राकडेही पाहावे; कारण तशीच सहल, थोड्या वेगळ्या रूपात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-तारकर्लीला होते आणि नाशिकची पुष्कळ कुटुंबे तेथेही जातात.

समुद्र आणि व्यापारी यांचे नाते आजचे नाही. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाने परिग्रहाची जी मर्यादा घातली, तीत गाड्यांबरोबर नावांचाही हिशेब आहे : चार नावा देशांतराच्या प्रवासासाठी आणि चार मालाच्या वाहतुकीसाठी. उत्तराध्ययन सूत्रातील पालित हा चंपानगरीचा श्रावक नावेने पिहुंड नगरास व्यापारासाठी गेला. परतीच्या वाटेवर त्याच्या पत्नीला समुद्रातच पुत्र झाला, म्हणून त्याचे नाव समुद्रपाल. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो ही समजूत या सूत्रांतील कथांत दिसत नाही. नावांची संख्या मात्र मोजून ठेवलेली होती.

नाशिककरांना तर यासाठी ग्रंथही उघडायला नको. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढल्या तरी पुरे. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा. त्यात त्याने केलेल्या दानांची यादी आहे आणि त्या यादीत इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहानुका या नद्यांवर नावांनी विनामूल्य पार होण्याची सोय केल्याचा उल्लेख आहे. दमणा म्हणजे आपल्या दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगा. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे निवाऱ्यासाठी बांधलेल्या चौसोपी इमारतींचाही तेथे उल्लेख येतो. गोवर्धन नाशिकच्या कुशीत, सोपारा त्या काळचे मोठे बंदर. म्हणजे नाशिकचा माल घाट उतरून समुद्राला मिळत होता आणि मधल्या नद्यांवर नाव होती. जाता जाता, पेढीवरच्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट : त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवलेल्या ३००० कार्षापणांची नोंद आहे, २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण टक्का व्याज. व्याजाचा दर दगडावर कोरून ठेवणारे शहर आहे आपले.

असो. पुन्हा नौकेकडे वळू.

सांतोरिनी हे खरे म्हणजे ज्वालामुखीचे तोंड आहे. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड उद्रेकानंतर मधला भाग खचला, त्यात समुद्र शिरला आणि कडेला उंच कड्यांची कमान उरली. त्या कड्यांवर ती प्रसिद्ध पांढरी घरे आहेत. मधोमध नेआ कामेनी नावाचे काळ्या लाव्ह्याचे बेट आहे, त्याच्या बाजूला कोमट, गंधकमिश्रित, लालसर पाण्याचे झरे समुद्रात मिसळतात. सहलीतील पोहण्याचा एक थांबा बहुधा येथेच असतो. जाहिरातीत जे ठळकपणे लिहिलेले नसते ते असे, की नौका त्या कोमट पाण्यापर्यंत जात नाही. ती अलीकडे, खोल आणि थंड पाण्यात उभी राहते. तेथून उडी मारून काही अंतर स्वतः पोहत जावे लागते आणि तसेच परत यावे लागते. ज्याला पोहता येत नाही त्याने या थांब्याला नौकेवरच बसावे. शिवाय त्या पाण्याने फिकट रंगाच्या कपड्यांवर गंजासारखे डाग पडतात, तेव्हा जुने, गडद कपडे न्यावेत.

दुसरी गोष्ट ऋतूची. आपल्या शाळांना सुटी एप्रिल-मे महिन्यांत असते. तेव्हा एजियन समुद्राचे पाणी १७ ते २० अंशांच्या आसपास असते. नाशिकच्या मुलांना त्यात हुडहुडी भरते. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी उबदार होते, पण तेव्हा उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा सुटतो. आकाश स्वच्छ, ऊन लखलखीत आणि समुद्र मात्र खवळलेला, असे फसवे दृश्य त्या वाऱ्याचे असते. वारा ठरावीक जोरापलीकडे गेला की बंदर अधिकारी नौकांना निघण्यास मनाई करतात. अशा वेळी पैसे परत मिळतात की दुसरा दिवस दिला जातो, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. सप्टेंबर सर्वांत सोयीचा, पण तेव्हा बहुधा पर्युषण असते आणि दुकानात दिवाळीच्या मालाची खरेदी चालू असते. आपल्या समाजाला ग्रीसचा उत्तम महिना फारसा सापडत नाही, हे खरे.

भोजनाबद्दल एक सावधगिरी. ग्रीसमध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास पुष्कळ असतात आणि उपवासाच्या पदार्थांना निस्तिसिमो म्हणतात. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. म्हणून काही सहल-मार्गदर्शक आपल्या लोकांना हाच शब्द सांगण्याचा सल्ला देतात. परंतु त्या उपवासाला शिंपल्यातील प्राणी व कोळंबीसारखे जलचर चालतात. तेव्हा एका शब्दावर विसंबू नये. काय नको ते एकेक करून सांगावे. सांतोरिनीची पिवळी डाळ, जिला तेथे फावा म्हणतात, ती आपल्याला जवळची वाटते, पण तिच्यावर कच्चा कांदा पसरलेला असतो. चौविहार पाळणाऱ्यांना तेथे एक सोय मात्र आहे. जून महिन्यात सूर्यास्त रात्री साडेआठच्या सुमारास होतो. नौकेवर जेवण संध्याकाळी सहा-साडेसहाला वाढावे, एवढे आधी सांगितले की भागते.

आता मालवण. नाशिकहून पुणे-कोल्हापूरमार्गे हे अंतर जवळजवळ सहाशे किलोमीटर भरते. नाशिकरोडहून थेट कोकण रेल्वेवर जाणारी मंगला एक्स्प्रेस हा दुसरा मार्ग. मालवणच्या धक्क्यासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचे बांधकाम सुरू केले. चारी बाजूंना खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्याभोवतीचा खडकाळ समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. या खडकांवर प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत आणि हिवाळ्यात पाणी निवळले की ते वरून, तोंडाला काचेचा मुखवटा लावून, तरंगत पाहता येतात. दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली, त्यापुढे देवबाग. तेथे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि टोकाला त्यांचा संगम. संगमाजवळच्या वाळूच्या बेटाला सुनामी आयलंड हे भडक नाव पडले आहे. ओहोटीला ते उघडे पडते, भरतीला गुडघाभर पाण्याखाली जाते.

येथेही अख्खी होडी एका कुटुंबासाठी ठरवता येते. सकाळी लवकर निघाल्यास डॉल्फिनची पाठ दिसण्याचा संभव अधिक. मग किल्ल्यालगतचे प्रवाळ, दुपारी वाळूचे बेट, परतीला खाडीतली माडांची सावली. पाणी ग्रीसइतके निळे नसते, हिरवट असते. त्याचे कारण अस्वच्छता नव्हे. भूमध्य समुद्रात अन्नद्रव्ये कमी, म्हणून जीवही कमी आणि पाणी काचेसारखे. आपल्या समुद्रात नद्यांचा गाळ आणि सूक्ष्म जीवांची समृद्धी, म्हणून पाणी दाट. आणि ते उबदार असते, पौष महिन्यातसुद्धा.

शीड मात्र येथे दिसणार नाही. मालवणच्या प्रवासी होड्या आता इंजिनावर चालतात. एके काळी याच किनाऱ्यावर मराठ्यांच्या गुराबा आणि गलबते होती, व्यापाऱ्यांची शिबाडे होती आणि साऱ्यांचा दिनक्रम वाऱ्यावर बसवलेला होता. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. त्यावर होड्या बाहेर जात. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून वारा येतो. तो खारा वारा. त्यावर परतत. शाळेच्या भूगोलात पाठ केलेली ही दोन नावे त्या काळच्या खलाशाला घड्याळासारखी होती. आजही इंजिनाच्या होडीचा तांडेल सकाळीच निघण्याचा आग्रह धरतो तो याच कारणाने : दुपारनंतर लाट चढते.

ज्यांना खरोखर शिडाच्या नौकेतच बसायचे आहे, त्यांना कसारा घाट उतरून मुंबईला जाता येईल. गेटवेसमोरच्या बंदरात ऑक्टोबर ते मे या काळात शिडाच्या लहान नौका नावाड्यासह काही तासांसाठी मिळतात. इंजिन नाही, आवाज नाही. शीड भरले की नौका एका अंगावर कलते आणि पहिल्यांदा बसणाऱ्याचा जीव घाबरा होतो. नावाडी हसतो, कारण कलणे हाच तिचा स्वभाव आहे. त्या बंदरातले पाणी पोहण्यायोग्य नाही, एवढे लक्षात ठेवावे. आणि शिडाचे काम म्हणजे परक्यांची हौस असे कोणाला वाटत असेल, तर कमांडर दिलीप दोंदे यांचे नाव सांगावे. गोव्यात बांधलेल्या म्हादेई या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून त्यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, मे २०१० मध्ये मुंबईलाच परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तारिणी नौकेतून तीच प्रदक्षिणा पूर्ण केली.

आता ज्या विषयासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे येतो.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीला समुद्रातून परतणारी पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाची चाचणीवर असलेली वेगवान नौका धडकली. बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती, पंधरा जणांचे प्राण गेले. दुसऱ्या घटनेत प्रवाशांचा काही दोष नव्हता. सकाळी घरून निघालेले सहकुटुंब लोक होते ते, आपल्यासारखेच. पहिली घटना मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली आहे, हे लक्षात घ्यावे. मे अखेरीस मालवणची जलपर्यटनाची मोसमी बंदी सुरू होते आणि ऑगस्टअखेरपर्यंत राहते. बंदीच्या आधीच्या त्या आठवड्यात मुलांची सुटी संपत आलेली असते, खोल्यांचे दर उतरलेले असतात आणि समुद्र मात्र पावसाळ्याच्या तयारीला लागलेला असतो. स्वस्तात मिळते म्हणून तो आठवडा निवडू नये. आपल्या समाजाला भावात घासाघीस करण्याची सवय आहे आणि ती गैर नाही. पण होडीवर घासाघीस केली, की होडीवाला बहुधा आणखी चार माणसे चढवून तोटा भरून काढतो. तेव्हा भाव पूर्ण द्यावा आणि माणसे मोजावीत.

होडी ठरवताना तिचा महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आणि त्यावर लिहिलेली प्रवासी क्षमता पाहायला मागावी. दुकानाचा परवाना आपण भिंतीवर लावतो. होडीवाल्यालाही तो दाखवण्यात कमीपणा वाटू नये. भाडे माणशी आहे की अख्ख्या होडीचे, इंधन धरून आहे की वेगळे, थांब्यांवर किती वेळ, हे निघण्याआधी ठरवावे आणि पावती घ्यावी.

जीवरक्षक जॅकेट अंगावर चढवून, पट्टे आवळूनच धक्का सोडावा. ते बाकाखाली ठेवलेले असणे म्हणजे नसण्यासारखेच; होडी उलटते तेव्हा बाक शोधायला वेळ नसतो. मुलांसाठी मुलांच्याच मापाचे हवे. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले, तर पाण्यात पडताच जॅकेट वर राहते आणि मूल त्यातून खाली सरकते. म्हणून खांद्याशी धरून वर ओढून पाहावे. कानापर्यंत वर आले तर ते माप त्याचे नाही. अशा मापाची जॅकेट धक्क्यावर नेहमी मिळतातच असे नाही, तेव्हा लहान मुले असणाऱ्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून ती विकत घेऊन ठेवलेली बरी. एका सिनेमाच्या तिकिटांत भागणारा हा खर्च नाही, पण मुलाच्या वाढदिवसावर आपण यापेक्षा कितीतरी अधिक खर्च करतो. दंडावर चढवायचे हवेचे रंगीत फुगे हे खेळणे आहे, त्यावर मुळीच भरवसा ठेवू नये.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, ही समजूत चित्रपटांनी पसरवली आहे. प्रत्यक्षात तो ओरडू शकत नाही. श्वास घेण्यातच त्याची सारी शक्ती जाते. मूल एका मिनिटाच्या आत, अगदी निःशब्दपणे पाण्याखाली जाते, बहुधा चार मोठी माणसे जवळ असताना. म्हणून पाण्यात मुले असतील तेव्हा घरातील एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्यावर नजर ठेवण्याचे काम घ्यावे, पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलावी आणि त्या वेळात मोबाइल हातात घेऊ नये. देवबागच्या संगमावर ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी समुद्राकडे ओढ घेते. वरून ते संथ दिसते. तेथे तांडेल नको म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. प्रवाहात सापडलेल्याने किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट न धरता किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे.

साडी, ओढणी, बांधणीचा दुपट्टा पाण्यात पायांभोवती गुंडाळला जातो. पूर्ण बाह्यांचा व घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आता सहज मिळतो. मर्यादेचा प्रश्नही सुटतो आणि ऊन व जेलीफिश यांपासून बचावही होतो. दागिने घरी ठेवावेत, हे सराफांच्या घरांतही सांगावे लागते. थंड पाण्यात बोटे आक्रसतात आणि वर्षानुवर्षे न निघालेली अंगठी अलगद निघून जाते.

आणि मुळात पोहायला शिकावे. नाशिक हे नदीकाठचे शहर, तरी आपल्या घरांतील किती स्त्रियांना पोहता येते? आमच्या परिचयाच्या चार कुटुंबांनी गेल्या पौषात मालवणची होडी ठरवली, तेव्हा चौदा माणसांत पोहता येणारे तिघे निघाले, तिघेही पुरुष. त्यांतल्या सर्वांत वडील आजींनी विचारले, ‘मग होडी उलटली तर तिघे जण चौदांना कसे काढतील?’ हा हिशेब कोणत्याही मुनिमाला सुचायला हवा होता. सुचला तो आजींना. सहल दोन महिने पुढे गेली आणि त्या दोन महिन्यांत दोन सुना, तीन मुली आणि एक चाळिशीतले गृहस्थ त्र्यंबक रस्त्यावरच्या स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलावात सकाळच्या थंडीत जाऊ लागले. दोन महिन्यांत कोणी पट्टीचा पोहणारा होत नाही. पण पाठीवर तरंगता येते, नाकात पाणी गेल्यावर घाबरायचे नाही हे कळते, आणि समुद्रावर तेवढ्यानेही फरक पडतो. पाण्याची भीती वय वा गाव पाहत नाही. आपल्या जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी भागातून सैन्यात गेला, तेव्हा त्याला पाण्याचे भय होते. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने भारताच्या वतीने एकेरी नौकानयनात वल्हे मारले.

आता एक प्रश्न, जो आपल्या घरांत विचारला जातो आणि विचारला जायलाही हवा : निव्वळ आनंदासाठी पाण्यात उतरावे का? अप्कायाची विराधना, अनर्थदंड हे शब्द ज्यांच्या नित्य स्वाध्यायात आहेत, त्यांच्या मनात जलक्रीडेविषयी संकोच असणे स्वाभाविक आहे. त्यांचा नियम त्यांनी पाळावा आणि तरुणांनी त्यांची थट्टा करू नये. खासगी होडीचा एक गुण हा, की तिच्यात पोहणाराही बसतो आणि न पोहणाराही. परंतु जे उतरतात त्यांच्यासाठी एक मर्यादा निश्चित सांगता येईल. प्रवाळ हा दगड नव्हे, तो जीवांचा समूह आहे. त्यावर पाय ठेवला, हात टेकला, होडीचा नांगर त्यावर टाकला, तर वर्षाला बोटभरही न वाढणारी वसाहत क्षणात मोडते. मासे जवळ यावेत म्हणून काही ठिकाणी पर्यटकांच्या हाती पाव दिला जातो. जीवदयेच्या भावनेने आपली मुले तो आनंदाने चारतात. पाव हे माशांचे अन्न नाही. प्रवाळांवरचे शेवाळ खाऊन ते स्वच्छ ठेवणारे मासे पावाच्या मागे लागले, की शेवाळ वाढते आणि प्रवाळ गुदमरतो. कबुतरांना दाणे टाकण्याची सवय येथे नेऊ नये. होडीवाल्याला आधीच सांगावे की आम्हाला पाव नको.

मालवणात जैन भोजनाची व्यवस्था शोधावी लागते, कारण गावाचे मुख्य अन्न मासळी आहे आणि ती त्यांची उपजीविका आहे. नाक मुरडून तेथे वावरू नये. घावन, आंबोळी मिळते. सोलकढीत लसूण असते, तेव्हा साधे कोकम सरबत मागावे. काळ्या वाटाण्याच्या उसळीत कांद्याचे वाटण असते. शहाळी हवी तितकी. होडीवर मात्र डबा घरचाच : खाकरा, थेपले, मुरमुरे, सुके खोबरे, गाळून-उकळून भरलेले पाणी, आणि तेही लागेल वाटते त्याच्या दीडपट. रिकाम्या पिशव्या परत आणाव्यात. होडी लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी पोट रिकामेही ठेवू नये आणि तेलकटानेही भरू नये; होडीच्या मध्यभागी बसावे, क्षितिजाकडे पाहावे, मोबाइलमध्ये डोके घालू नये. आले यावर गुणकारी मानतात. ज्यांना कंदमूळ वर्ज्य आहे त्यांच्यासाठी सुंठेची गोळी आहेच. औषध घ्यायचे तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी. हिवाळ्यात मालवणला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. पाचला किनारा गाठला तर चौविहार करणाऱ्यांना घाई होत नाही.

पाठीवर हवेची टाकी लावून खोल उतरणाऱ्या तरुणांसाठी आणखी दोन शब्द. पाण्याखाली श्वास रोखून धरू नये, हा पहिला नियम. आणि त्याच दिवशी गगनबावड्याचा वा आंबोलीचा घाट चढून परतीला लागू नये. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. रात्र खालीच काढावी. विमान असेल तर बारा ते अठरा तासांचे अंतर ठेवावे. उन्हाळ्यात सर्दी झालेल्याने मुळातच उतरू नये, कानाचा पडदा दुखावतो.

राहिला दिवस निवडण्याचा प्रश्न. त्यासाठी पेढीवर टांगलेले पंचांग पुरेसे आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण असते. पाणी पुष्कळ चढते, पुष्कळ उतरते आणि त्यामुळे ओढही जास्त. अष्टमीच्या सुमारास ही चढ-उतार कमी होते, तिला कोकणात भांग म्हणतात, आणि ती अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मंद होते. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. नवमी असेल तर नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे सकाळी व संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी एकच्या आसपास पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबई-अलिबागकडचा. मालवणला पाणी थोडे आधी येते. म्हणजे नवमी-दशमीला सकाळी शांत पाण्यावर निघता येते, जेवणाच्या वेळी वाळूचे बेट उघडे मिळते आणि प्रवाहही सौम्य असतो. अष्टमी आणि चतुर्दशीला घरात कोणाचा ना कोणाचा उपवास असतोच. नवमी-दशमी त्या दृष्टीनेही मोकळ्या. मार्गशीर्ष ते माघ या तीन महिन्यांत, शुद्ध आणि वद्य पक्ष मिळून, असे बारा दिवस येतात. त्यांतले शनिवार-रविवार सोडले तर होडीही सहज मिळते.